बारीक नसांचा माग : परळ ते कुडवा

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसांपैकी ॲन्जिओग्राफीत दिसतात त्या थोड्याच. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जाड असलेल्या नसा पडद्यावर उमटतात. त्यापुढच्या असंख्य फांद्या आणि अगदी टोकाच्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद असलेल्या केशवाहिन्या त्या चित्रात नसतातच. हृदयाच्या स्नायूला किती रक्त मिळायचं, हे मात्र मुख्यतः या न दिसणाऱ्या नसाच ठरवतात. म्हणून असं घडतं की रोवणीच्या दिवसांत चिखलात उभ्या असलेल्या बाईच्या छातीत भरून येतं, बांधावरून चार पावलं चाललं की दम लागतो, घरचे पैशांची जुळवाजुळव करून तिला नागपूरला नेतात, ॲन्जिओ होते आणि ‘नसा साफ आहेत’ असा रिपोर्ट घेऊन ती परत येते. घरचे म्हणतात गॅस असेल. दवाखान्यात सांगतात टेन्शन घेऊ नका. दुखणं तसंच राहतं.

इटियाडोहचा कालवा भरून वाहत असला तरी शेवटच्या बांधीत पाणी पोहोचलंच असं होत नाही, हे गोंदिया जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मधल्या पाटचाऱ्या बुजल्या की कालव्याच्या पाण्याकडे बघतबघत धान वाळतं. ॲन्जिओग्राफी कालवा पाहते. बांधीत किती पाणी आलं हे मोजायचं तर दुसरी रीत लागते, आणि ती शरीरात नळी न घालता, बाहेरूनच करता आली तर रुग्णाचे हाल आणि खर्च दोन्ही वाचतात.

बाहेरून रक्ताचा माग काढण्याची ही रीत महाराष्ट्रात रुजली ती परळला. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आवारात १९६३ साली सुरू झालेलं रेडिएशन मेडिसिन सेंटर म्हणजे आजच्या भाभा अणु संशोधन केंद्राचं वैद्यकीय अंग. विदर्भ एक्सप्रेसने दादरला उतरून परळ गाठणारी आपल्याकडची माणसं बहुतेक कॅन्सरच्या उपचारांसाठी जातात. काहींना थायरॉइडसाठी या सेंटरची चिठ्ठी मिळालेली असते. हृदयाचा रक्तप्रवाह मोजण्याचं शास्त्रही याच घराण्यातलं, हे मात्र कुणी सहसा सांगत नाही. आता गोंदियाजवळ कुडव्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं नवं संकुल आकाराला येत असताना ते सांगायला हवं. कारण त्या संकुलात हृदयरुग्णांसाठी आधी काय यावं आणि काय नंतर आलं तरी चालेल, याचं उत्तर परळच्या साठ वर्षांच्या वाटचालीत आहे.

या शास्त्राची सुरुवात खूप आधीची आहे. १९२०च्या दशकात बोस्टनमधल्या हर्मन ब्लुमगार्ट या तरुण डॉक्टराने एका दंडातल्या शिरेत अत्यंत थोडा किरणोत्सारी पदार्थ टोचला आणि तो दुसऱ्या हातापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो हे बाहेर ठेवलेल्या उपकरणाने टिपलं. निरोगी माणसात हा प्रवास ठरावीक सेकंदांत होतो आणि हृदय कमकुवत झालेल्या माणसात लांबतो, हे त्याने दाखवलं. शरीर न उघडता रक्ताच्या चालीविषयी आकड्यात बोलता येतं, हे त्या प्रयोगातून पहिल्यांदा कळलं. पुढची सगळी प्रगती या एका कल्पनेची आहे. पदार्थ बदलले, उपकरणं बदलली, गणित सूक्ष्म झालं.

आपल्याकडे हे यायला ट्रॉम्बेची अणुभट्टी यावी लागली. १९५४ मध्ये ट्रॉम्बेला अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातली पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि १९६० मध्ये ‘सायरस’. या भट्ट्यांमधून वैद्यकीय उपयोगाची किरणोत्सारी समस्थानिकं देशातच तयार होऊ लागली. दुसरीकडे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये टाटा ट्रस्टने सुरू केलेलं. ते १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आलं. रुग्णालय आरोग्य खात्याकडून काढून अणुऊर्जा खात्याकडे देणं हा निर्णय त्या वेळी अनेकांना चमत्कारिक वाटला असणार. मला तो होमी भाभांच्या सर्वांत दूरदर्शी निर्णयांपैकी एक वाटतो. कारण समस्थानिक तयार करणारा माणूस आणि ते ज्याच्या शरीरात जाणार तो रुग्ण, हे दोघं एका छत्राखाली आले. त्यानंतर वर्षभरात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. भाभांना त्याची पुढची वाढ पाहायला मिळाली नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात ते गेले, आणि १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या आस्थापनेला त्यांचं नाव देण्यात आलं.

सेंटर ट्रॉम्बेला न काढता परळला का काढलं, हा प्रश्न साधा वाटतो, पण या सगळ्या कथेची किल्ली त्यात आहे. किरणोत्सारी पदार्थ वाट पाहत नाहीत. तयार झाल्या क्षणापासून ते कमी होऊ लागतात. कुणाला निम्मं व्हायला आठ दिवस लागतात, कुणाला सहा तास, कुणाला दोन मिनिटं. परळला केईएम, टाटा, वाडिया अशी रुग्णालयं एकमेकांना लागून होती आणि ट्रॉम्बेहून गाडीने माल आणता येत होता. रुग्ण जिथे आहेत तिथे प्रयोगशाळेने यावं, हे तत्त्व त्या जागेच्या निवडीतच होतं. आठ दिवसांचं अर्धायुष्य असलेल्या आयोडीनपासून सेंटरने काम सुरू केलं आणि थायरॉइडच्या विकारांवर, विशेषतः थायरॉइडच्या कॅन्सरवर, देशभरातून रुग्ण तिथे येऊ लागले. डॉ. आर. डी. गणात्रा यांनी या घडणीच्या काळात सेंटरचं नेतृत्व केलं. पुढे ते व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत न्यूक्लियर मेडिसिनचं काम पाहायला गेले. गरीब देशांत ही तपासणी कशी रुजवायची, याचा परळचा अनुभव त्यांच्याबरोबर तिथे गेला.

सेंटरने केलेलं सर्वांत मोठं काम मात्र यंत्रांचं नाही. १९७३ मध्ये मुंबई विद्यापीठाची रेडिएशन मेडिसिनची पदविका, डॉक्टरांच्या बोलीतली ‘डीआरएम’, तिथे सुरू झाली. पदव्युत्तर शिक्षणाची अशी सोय तेव्हा जगातही मोजक्याच ठिकाणी होती. त्यानंतर तंत्रज्ञांसाठीही अभ्यासक्रम आला. आज देशातल्या न्यूक्लियर मेडिसिन विभागांत जाऊन विचारलं की कोण कुठे शिकलं, तर परळचं नाव पुन्हा पुन्हा निघतं. कॅमेरा विकत आणता येतो. पडद्यावरचा ठिपका आजाराचा की श्वासामुळे हललेल्या छातीचा, हे ओळखणारा डोळा विकत मिळत नाही. कुडव्याच्या बाबतीत मी हीच गोष्ट पुन्हा सांगणार आहे.

याच काळात, किरणोत्सार अजिबात न वापरता रक्तप्रवाह मोजण्याचा एक प्रयत्न भाभा केंद्राच्याच इलेक्ट्रॉनिक्स विभागात चालू होता. त्याची आठवण फार थोडे लोक ठेवतात, म्हणून इथे थोडं थांबतो. रक्त विजेचं चांगलं वाहक आहे. हाताच्या किंवा पायाच्या दोन टोकांना पट्ट्या लावून, जाणवणारसुद्धा नाही इतका अल्प प्रवाह सोडला आणि त्या भागाचा विद्युतरोध सतत मोजत राहिलं, तर प्रत्येक ठोक्याबरोबर आत आलेल्या रक्ताने तो रोध किंचित कमी होताना दिसतो. त्या चढउताराच्या आलेखावरून कुठल्या भागात रक्त कमी जातंय हे कळतं. या तंत्राला इम्पिडन्स प्लेथिस्मोग्राफी म्हणतात. डॉ. जी. डी. जिंदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी देशी उपकरण बनवलं, आणि केईएममध्ये डॉ. जी. बी. परुळकरांसारख्या हृदयशल्यचिकित्सकाबरोबर ते रुग्णांवर वापरून पाहिलं. परुळकर म्हणजे १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्ये केलेल्या भारतातल्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणाच्या चमूतले. हातापायांच्या बंद झालेल्या रोहिण्यांचं निदान या पद्धतीने कसं होतं, यावरचा त्यांचा संयुक्त लेख १९९० मध्ये केईएमच्याच ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये आला.

हे उपकरण हृदयाच्या आतल्या बारीक नसांपर्यंत पोहोचत नव्हतं, हे खरं. पण त्यामागची दृष्टी महत्त्वाची होती. तपासणी स्वस्त असावी, यंत्र इथे दुरुस्त करता यावं आणि रुग्णाला टोचू नये, या तीन अटी पाळून भौतिकशास्त्रज्ञ आणि शल्यचिकित्सक एका टेबलापाशी बसले होते. पुढे भाभा केंद्राने मोबाइलला जोडता येणारं, हातात मावणारं टेली-ईसीजी यंत्र बनवलं, तेही याच वृत्तीचं अपत्य.

हृदयाच्या स्नायूतला रक्तपुरवठा बाहेरून पाहण्याची वाट उघडली ती १९७०च्या दशकात, थॅलियम-२०१मुळे. हा पदार्थ शिरेतून दिला की जिथे रक्त जातं तिथे हृदयाच्या पेशी तो उचलून घेतात. गॅमा कॅमेऱ्याखाली हृदयाचं चित्र उमटतं, आणि जिथे रक्त कमी तिथे ते फिकं दिसतं. आधी ट्रेडमिलवर चालवून किंवा औषधाने नसा रुंदावून एक चित्र, मग विश्रांतीतलं दुसरं. दोन्ही शेजारी ठेवली की श्रमाच्या वेळी कुठे कमी पडतंय ते कळतं. नंतर थॅलियमची जागा बहुतांशी टेक्नेशियमने घेतली. त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं, पण ते ज्या मॉलिब्डेनमपासून मिळतं त्याचं ६६ तासांचं. म्हणजे मॉलिब्डेनमचा जनित्र-डबा लांबच्या रुग्णालयात पाठवता येतो, आणि तिथले तंत्रज्ञ रोज सकाळी त्यातून ताजं टेक्नेशियम काढून घेतात. १९८५ मध्ये ‘ध्रुव’ अणुभट्टी सुरू झाली आणि १९८९ मध्ये विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ‘ब्रिट’, स्थापन झालं. हृदयाच्या स्कॅनला लागणाऱ्या मिबीसारख्या औषधांची तयार किटं ब्रिटकडून देशभर जाऊ लागली. परळच्या चार भिंतींतली तपासणी अशा रीतीने गाडीत बसून बाहेर पडली.

पण या चित्रांची एक मर्यादा होती आणि ती नेमकी आपल्या प्रश्नाला आडवी येणारी होती. गॅमा कॅमेऱ्याचं साधं चित्र तुलनेचं असतं. हृदयाच्या एका भागापेक्षा दुसऱ्या भागात रक्त कमी असेल तर ते दाखवतं. बारीक नसांचा विकार मात्र बहुधा सगळीकडे सारखाच पसरलेला असतो. सगळं हृदय एकसारखं तहानलेलं असेल तर तुलनेत काहीच कमी दिसत नाही आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. ॲन्जिओ नॉर्मल, स्कॅनही नॉर्मल. मग दुखणाऱ्या माणसाच्या शब्दावर विश्वास कुणी ठेवायचा?

जगात या रुग्णांकडे लक्ष गेलं तेही १९७०च्या दशकातच. १९७३ मध्ये हार्वे केम्प यांनी, छातीत दुखतं पण मोठ्या नसा साफ, अशा रुग्णांच्या गटाला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं. तेव्हा कारण कळलं नव्हतं. १९७४ मध्ये लान्स गुल्ड यांनी प्रवाहाच्या राखीव क्षमतेची कल्पना मांडली. हृदयाच्या एका ग्रॅम स्नायूला विश्रांतीत मिनिटाला साधारण एक मिलिलिटर रक्त लागतं, आणि निरोगी नसा पूर्ण उघडल्या की ते तीन-चार मिलिलिटरपर्यंत वाढतं. ही वाढ दुपटीपर्यंतही पोहोचत नसेल तर कुठेतरी अडचण आहे. मोठी नस साफ असेल तर ती अडचण बारीक नसांत आहे. मोठ्या नसेतही अडथळा असेल तर हा आकडा दोन्हींची बेरीज सांगतो, त्यामुळे ॲन्जिओ किंवा सीटी ॲन्जिओ हातात असल्याशिवाय त्याचा अर्थ लावायचा नसतो.

या रुग्णांत बायका जास्त. अमेरिकेत १९९६ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘वाइज’ या अभ्यासात, मोठ्या नसांत अडथळा नसूनही छातीत दुखणाऱ्या स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या सुमारे निम्म्यांच्या बारीक नसांचा प्रतिसाद कमी निघाला. अशा रुग्णांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो हेही नंतरच्या पाहण्यांत दिसलं. म्हणजे ‘काही नाही, घरी जा’ हा सल्ला नुसता अपुरा नव्हता, तो घातक होता. आपल्याकडे बाईचं दुखणं सगळ्यात शेवटी ऐकलं जातं. त्यात यंत्रानेही तिचं म्हणणं खोटं पाडलं की ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. या विषयावर लिहावंसं वाटतं त्याचं मुख्य कारण हेच आहे.

तुलनेऐवजी थेट आकडा देणारं तंत्र म्हणजे पेट स्कॅन. २००२ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे अल्पायुषी समस्थानिकं बनवणारं यंत्र, आणि पहिला पेट स्कॅनर सुरू झाला. आजच्या पिढीला पेट म्हणजे कॅन्सरची तपासणी एवढंच माहीत आहे, आणि परळच्या आवारात तिचा उपयोग मुख्यतः कॅन्सरसाठीच होणं साहजिक होतं. पण हृदयाच्या बारीक नसांसाठी आज सर्वांत भरवशाचं बिनछेदी मोजमाप पेटचंच आहे. नायट्रोजन-१३ असलेला अमोनिया किंवा रुबिडियम-८२ शिरेतून द्यायचा आणि पहिल्या क्षणापासून कॅमेरा चालू ठेवायचा. हृदयाच्या कप्प्यात पदार्थ कधी आला, स्नायूत किती वेगाने शिरला, याचा सेकंदासेकंदाचा आलेख मिळतो, आणि त्या आलेखावरून प्रत्येक ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळालं ते काढता येतं. सगळं हृदय सारखंच तहानलेलं असलं तरी इथे ते लपत नाही.

मग ही तपासणी गोंदियाला का नको? इथे पुन्हा अर्धायुष्याचा हिशेब मांडावा लागतो. नायट्रोजन-१३ दहा मिनिटांत निम्मा होतो. नागपूर ते गोंदिया रस्त्याने तीन तास धरले तर तो अठरा वेळा निम्मा होईल, म्हणजे अडीच लाखांतला एक भाग उरेल. त्याला सायक्लोट्रॉन शेजारच्याच खोलीत लागतं. रुबिडियमचं आयुष्य तर सव्वा मिनिटाचं. ते जनित्रातून जागेवरच काढता येतं, पण ते जनित्र फार महाग आणि रोज भरपूर रुग्ण असतील तरच परवडणारं. फ्लोरिन-१८ वर आधारलेलं फ्लुरपिरिडाझ हे नवं औषध सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटांचं आहे. तीन तासांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे तिसरा हिस्सा शिल्लक राहतो, त्यामुळे पुढेमागे हे शक्य होईल. टेक्नेशियमचा जनित्र-डबा मात्र मुंबईहून एका दिवसात गोंदियाला पोहोचला तर त्यातला पाऊण भागाहून जास्त माल शाबूत असतो. नव्या पद्धतीच्या, जास्त संवेदनशील गॅमा कॅमेऱ्यांवर टेक्नेशियमनेही राखीव क्षमतेचा अंदाज घेता येऊ लागला आहे. म्हणजे किरणोत्सारी मार्गाने जायचं तर कुडव्याला आधी गॅमा कॅमेरा आणि नंतर कधीतरी पेट, असा क्रम लागतो.

हा क्रम ज्या जिल्ह्यासाठी मांडतोय त्याची आजवरची वाटही पाहायला हवी. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. त्यानंतरही बरीच वर्षं मोठ्या दुखण्यासाठी नागपूर हाच आधार होता. २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. स्वतःची इमारत नव्हती. लोक ज्याला केटीएस म्हणतात त्या कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालयाच्या आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालयाच्या आधाराने अध्यापन सुरू झालं. दोन्ही रुग्णालयं आधीच भरलेली. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावपासून, तसंच शेजारच्या बालाघाट आणि राजनांदगावकडून येणारे रुग्ण आणि वर शिकणारी मुलं. त्या दाटीत ज्यांनी पहिल्या तुकड्या घडवल्या त्या शिक्षकांचं ऋण मोठं आहे. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्याची जागा नव्या संकुलासाठी ठरली, आणि ११ फेब्रुवारी २०२४ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते भूमिपूजन झालं.

भूमिपूजन झालं की चर्चा खाटांच्या संख्येची आणि यंत्रांच्या किमतीची होते. कॅथलॅब, म्हणजे ॲन्जिओ आणि ॲन्जिओप्लास्टीची खोली, हवी, यात वाद नाही. अटॅक आलेल्या माणसाला नागपूरपर्यंत नेण्यात हृदयाचा स्नायू मरतो, तिथे कॅथलॅबला पर्याय नाही. पण ‘ॲन्जिओ नॉर्मल’ असलेल्या रुग्णासाठी पहिली गरज त्याहून फार स्वस्त आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती गरज म्हणजे टुडी इकोच्या यंत्रावर हृदयाच्या नसेतला प्रवाह मोजता येणारा हात.

इकोच्या खोलीत प्रोब छातीवर ठेवून हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या मोठ्या नसेचा, एलएडीचा, खालचा भाग शोधायचा. डॉप्लरने त्यातल्या रक्ताचा वेग टिपायचा. मग ॲडेनोसिन हे औषध शिरेतून, वजनाच्या दर किलोला मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम या दराने सोडायचं. त्याने बारीक नसा उघडतात आणि मोठ्या नसेतला वेग वाढतो. विश्रांतीत सेकंदाला २५ सेंटिमीटर असलेला वेग ७५ झाला तर राखीव क्षमता तिप्पट, म्हणजे चांगली. तो चाळिशीवरच अडकला आणि मोठी नस साफ असेल तर बारीक नसांकडे बोट दाखवता येतं. औषधाने काही मिनिटं चेहरा तापतो, छाती जड होते, दम लागल्यासारखं वाटतं. सलाइन बंद केलं की त्याचा अंमल मिनिटभरात ओसरतो, कारण रक्तातलं त्याचं आयुष्य काही सेकंदांचंच असतं. ईसीजी, रक्तदाब आणि शॉक देण्याचं यंत्र जवळ ठेवावं लागतं. दम्याच्या किंवा हृदयाचा ठोका अडखळणाऱ्या रुग्णाला हे औषध देत नाहीत. किरणोत्सार नाही, रंगद्रव्य नाही, मूत्रपिंडावर भार नाही.

डेन्मार्कच्या ‘आयपॉवर’ अभ्यासात हजाराच्या आसपास स्त्रियांची तपासणी याच डॉप्लर पद्धतीने, मात्र नसा उघडणारं दुसरं औषध वापरून झाली. छातीत दुखणाऱ्या आणि मोठ्या नसा साफ असलेल्या त्या स्त्रियांपैकी चारांतल्या सुमारे एकीची राखीव क्षमता दोनपेक्षा कमी निघाली. इकोची खोली आणि शिकलेला हात एवढ्यावर हे काम झालं. अडचण आहे ती शिकण्याची. ती नस दोन-तीन मिलिमीटरची, ठोक्यागणिक हलणारी, फुप्फुसाआड लपणारी. सुरुवातीला ती सापडतच नाही, आणि सवय झाल्यावर बहुतेक रुग्णांत सापडते. परळने १९७३ मध्ये यंत्रांच्या बरोबरीने माणसं घडवली, ती गोष्ट इथे कामाला येते. कुडव्याची इमारत पूर्ण होण्याची वाट न पाहता एक डॉक्टर आणि एक तंत्रज्ञ आजच काही महिन्यांसाठी ही चाचणी नित्य करणाऱ्या विभागात पाठवले, तर संकुल सुरू होईल त्या दिवशी चाचणीही सुरू होऊ शकते.

निदान झाल्यावर करायचं काय, असंही विचारलं जातं. बारीक नसांना स्टेंट नसतो, हे खरं. पण रक्तदाब आणि साखर काटेकोर ताब्यात ठेवणं, तंबाखू-खर्रा सोडवणं हे तर आहेच; शिवाय स्टॅटिन, बीटा ब्लॉकर किंवा कॅल्शियम ब्लॉकर, काहींना रक्तदाबाच्या एसीई गटातल्या गोळ्या, यांपैकी बहुतेक औषधं सरकारी दवाखान्यात मिळण्यासारखी आहेत. आणि त्याआधी एक उपचार विनामूल्य आहे. तुझं दुखणं खरं आहे, त्याचं कारण इथे सापडलं, असं रुग्णाला आकडा दाखवून सांगणं.

गोंदियासाठी या कौशल्याला आणखी एक कारण आहे. विदर्भात सिकलसेल आहे, हे १९५८ मध्येच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं होतं. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात तो घराघरांत ठाऊक आहे. विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी अडकतात त्या बारीक नसांतच, आणि वर्षानुवर्षांच्या अशा अडकण्याने हृदयाचा स्नायूही झिजतो. लहान मुलांत धोका मेंदूच्या नसांना असतो. डोक्याच्या कवटीबाहेरून डॉप्लरने तिथला वेग मोजतात. तो सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला तर पक्षाघाताचा धोका मोठा, आणि वेळेवर नियमित रक्त दिलं तर तो बराच टळतो, हे १९९८ च्या अमेरिकी ‘स्टॉप’ चाचणीत सिद्ध झालं. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत रक्ताच्या तपासण्या गावोगाव होत आहेत. तपासणीत आजार सापडलेल्या मुलाचा पुढचा मुक्काम डॉप्लरची खोली हा असायला हवा. डॉप्लरचं तत्त्व तेच, लहरी वाचण्याची शिस्तही तीच. फक्त प्रोब आणि सराव वेगळा.

कुडव्यात आठवड्यातला एक दिवस या चाचणीसाठी राखला तर पहिल्या यादीत कुणाला बोलवायचं, हे ठरवायला अवघड नाही. ज्यांच्या फायलीत ‘नॉर्मल कोरोनरीज’ लिहिलेलं आहे आणि तरीही ज्या औषधाच्या खिडकीपाशी पुन्हा पुन्हा दिसतात, त्या बायका आधी. त्यांना निरोप देताना एवढंच सांगायचं : आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद ठेवा, कारण त्यातल्या कॅफिनने ॲडेनोसिनचा परिणाम मारला जातो आणि आकडा खोटा येतो. दम्याची तक्रार असेल तर आधी सांगा. आणि जुन्या ॲन्जिओची सीडी घरात असेल तर ती बरोबर आणा.